समरकंद न बघता परत आलो तर?

ताई,
लग्नाला २७ वर्षं झाली. हे गेल्या वर्षी रेल्वेतून निवृत्त झाले. मुलगी दिल्लीला असते. तिनं आम्हा दोघांना ऑक्टोबरातली दिल्ली–ताश्कंद विमानाची तिकिटं काढून दिली आहेत, जाऊन-येऊन सहा दिवस. ह्यांनी लगेच तक्ता केला: ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा. माझं माहेर येवल्याचं. घरात माग होता, आईच्या हाताखाली कांड्या भरत मोठी झाले. उझबेकिस्तानात मार्गिलान नावाचं रेशमाचं गाव आहे असं कळल्यापासून मला तिथंच तीन दिवस राहावंसं वाटतंय. हे म्हणतात, "एवढ्या लांब जायचं आणि समरकंद न बघता यायचं? लोक हसतील." राजस्थानात आम्ही सात दिवसांत सहा गावं केली. कुठला किल्ला कुठला ते आता सांगता येत नाही, भांडणं मात्र सगळी आठवतात. त्यात मी शाकाहारी, अंडंही नाही. हे सगळं खातात. आणि खरं सांगू? रिकामा वेळ मिळाला की ह्यांची चिडचिड सुरू होते, त्याचीच जास्त धास्ती आहे. हट्ट धरू की सोडून देऊ?
— धावून दमलेली, नाशिक

प्रिय 'धावून दमलेली',

हट्ट धरा. फक्त "मला शांतता हवी" असा धरू नका, "मला माग बघायचाय" असा धरा. शांतता हवी म्हटलं की समोरच्याला वाटतं, गोंगाट म्हणजे मीच. माग बघायचाय म्हटलं की त्यात कुणावर ठपका येत नाही.

आधी साहेबांचा तक्ता त्यांच्याच पद्धतीनं तपासू. ताश्कंदपासून समरकंद तीनशे किलोमीटरच्या वर. तिथून बुखारा आणखी पावणेतीनशेच्या आसपास. बुखाऱ्यापासून खिवा म्हणजे किझिलकुमच्या वाळवंटातून साडेचारशे. एका बाजूचे हजार झाले, आणि विमान पकडायला परत ताश्कंदलाच यायचंय. सहातला पहिला आणि शेवटचा दिवस विमानाचा. उरलेल्या चार दिवसांत दोन हजार किलोमीटर आणि चार शहरं. हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा आणि गप्प बसा. रेल्वेतल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही.

मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा हेच केलं होतं. बुखाऱ्याचा कल्याण मिनार ११२७ सालचा, नऊशे वर्षांचा. त्याच्या पायथ्याशी उभी राहून मी पिशवीत मोबाईलचा चार्जर शोधत होते, कारण तो आदल्या मुक्कामावर राहिला की काय ही काळजी. मिनाराचा माझ्याकडे एक फोटो आहे, आठवण चार्जरचीच आहे. दुसऱ्या खेपेला नवऱ्याला घेऊन गेले तेव्हा मार्गिलानला तीन रात्री एकाच अंगणात काढल्या. म्हणून हे सांगतेय.

आता मार्गिलानबद्दल, आणि आधी वाईट तेवढं. गाव देखणं आहे असं मी म्हणणार नाही. समरकंदच्या रेगिस्तान चौकासारखं छाती दडपून टाकणारं तिथं काही नाही. रुंद सोव्हिएत रस्ते, साधी दुकानं, मध्येच एखादी जुनी मशीद. स्टेशनातून बाहेर पडल्यावर साहेब तुमच्याकडे 'हे का ते?' अशा नजरेनं बघतील. तेव्हा समजावत बसू नका. गाव रस्त्यावर दिसतच नाही, ते भिंतींच्या आत असतं. लांबलचक मातकट भिंत, तिला एक दार, आणि आत पाऊल टाकलं की द्राक्षांचा मांडव, डाळिंबाचं झाड, मधोमध चौकीसारखी मोठी लाकडी बैठक, तिच्यावर गोधड्यांसारख्या लांब गाद्या. अशा घराला तिकडं 'हॉव्ली' म्हणतात. आपल्या हवेलीचाच शब्द. राहायला हॉटेल न बघता असं घर बघा, पाहुणे ठेवणारी घरं मिळतात.

तुमच्या कामाचं ठिकाण म्हणजे 'यॉदगॉरलिक' हा रेशीम कारखाना. शब्द ओळखीचा वाटला ना? यादगार. फारसीतून आलेल्या शब्दांतला आपला 'आ' उझबेकीत 'ऑ'कडे झुकतो. बाजार तिकडं बॉझॉर, बदाम बॉदॉम, नान नॉन. हे एकदा कानाला कळलं की निम्मं गाव आपलंच बोलतंय असं वाटतं. औषधाच्या दुकानावर मात्र 'दॉरिखॉना' अशी पाटी असते. आमच्या ह्यांनी ती मोठ्यानं 'दारूखाना' अशी वाचली आणि लगेच रस्ता ओलांडायला निघाले. दारू म्हणजे मुळात औषधच, आपण 'दवादारू' म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो, हे मी त्यांना फार्मसीच्या दारात सांगितलं.

कारखान्यात कोष उकळण्यापासून ठाणापर्यंत सगळं एका फेरीत बघता येतं. पण तुम्ही येवल्याच्या आहात, तुम्हाला एक फेरी पुरणार नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर फिरा, दुसऱ्या दिवशी एकट्या जा आणि जिथं ताणा, म्हणजे उभे धागे, बांधतात तिथं जाऊन बसा. पैठणीत नक्षी विणताना येते, बाणा, म्हणजे आडवा धागा, फिरवून फिरवून. इथं नक्षी मागावर चढायच्या आधीच ठरलेली असते. ताणा ताणून धरतात, त्यावर कोळशानं खुणा करतात, जिथं रंग नको तिथं घट्ट बांधतात, बुडवतात, सोडतात, पुन्हा दुसरीकडे बांधतात. पाटणच्या पटोळ्याशी नातं असलेलं काम, पण पटोळ्यात दोन्हीकडचे धागे रंगवतात, इथं फक्त उभे. त्यामुळे नक्षीच्या कडा किंचित पसरतात, पाण्यात हलल्यासारख्या दिसतात. या कामाला 'अब्रबंदी' म्हणतात. अब्र म्हणजे ढग, आपल्या संस्कृतातलं अभ्र. ढग बांधणं.

गावात याची दंतकथाही सांगतात. खानाला एका विणकराची मुलगी आवडली. बापानं गयावया केली तेव्हा खान म्हणाला, सकाळपर्यंत तिच्यापेक्षा सुंदर काही घेऊन ये, सोडतो. बाप रात्रभर कालव्याच्या काठी बसून राहिला. पहाटे पाऊस थांबला, आणि पाण्यात ढग आणि इंद्रधनुष्य एकमेकांत मिसळलेलं दिसलं. त्यानं तेच विणलं. म्हणून नाव 'खान-अतलस'. बाई, एका रात्रीत ताणा बांधून, रंगवून, विणून ठाण कसं झालं हे तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. मीही विचारलं. सांगणारी हसली आणि तिनं चहा ओतला.

अतलस पूर्ण रेशमी. दुसरं कापड 'अद्रस', त्याचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. निखळ रेशीम पुरुषांनी अंगाला लावू नये या धार्मिक संकेतातून अशी मिश्र कापडं जागोजागी रूढ झाली. आपल्याकडचं 'मशरू' हे नावच 'धर्माला चालणारं' अशा अर्थाचं आहे, आणि औरंगाबादच्या हिमरूतही सूत आणि रेशीम असंच एकत्र नांदतं. सोव्हिएत काळात गिरणीचं कापड आलं आणि हातमाग मागे पडला. मग काही घराण्यांनी आणि मार्गिलानच्या हस्तकला केंद्रानं तो पुन्हा उभा केला. त्या कामाची दखल युनेस्कोनं २०१७ साली घेतली. केंद्र सैद अहमद खोजा यांच्या जुन्या मदरशात आहे. ओसरीला लागलेल्या खोल्यांतून माग, मध्ये अंगण. मला कारखान्यापेक्षा हे जास्त आवडलं, तिथं कुणी हाकलत नाही.

खरेदीचं एक सांगून ठेवते. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद असतो, हात-सव्वा हात. साडीचा विचार मनातून काढून टाका. जाकीट, कुर्ता, उशांचे अभ्रे होतील. बाजारात याच नक्षीचं छापील पॉलिस्टर ढिगानं मिळतं आणि तेही 'अतलस' म्हणूनच विकतात. एक धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आणि बोटानं चुरगळणारी राख म्हणजे रेशीम, कडक गोळी झाली तर पुढचं दुकान. तुम्हाला हे मी शिकवायला नको, पण परगावी गेल्यावर माणूस माहेरचं ज्ञान विसरतो.

आता साहेब. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि ते तुम्ही शेवटी, ओझरतं लिहिलंय: रिकामा वेळ मिळाला की चिडचिड. त्याच्या आधी लिहिलंय, गेल्या वर्षी निवृत्त झाले. बाई, ज्या माणसाचं आयुष्य मिनिटांवर चाललं, त्याच्या हातातून वर्षभरापूर्वी वेळापत्रक काढून घेतलंय. चार शहरांचा तक्ता म्हणजे समरकंदची हौस असेलच असं नाही. तो तक्ता त्यांचं ऑफिस आहे. तुम्ही तो फाडून टाकलात तर सहा दिवस तुम्हालाच तो माणूस सांभाळावा लागेल.

म्हणून त्यांना एक खरं काम द्या: ताश्कंद ते मार्गिलान रेल्वे. पाचेक तासांचा प्रवास आहे, आणि रेल्वेच्या माणसासाठी समरकंदपेक्षा कमी नाही. मार्गिलान ज्या फरगाना खोऱ्यात आहे, ते डोंगरांनी बाकीच्या देशापासून तोडलेलं. २०१६ पर्यंत तिकडं जाणारी गाडी ताजिकिस्तानच्या हद्दीतून वळसा घेऊन जायची, किंवा मग मोटारीनं कामचिक खिंड चढायची, दोन हजार दोनशे मीटरहून उंच. २०१६ साली अंग्रेन ते पाप ही नवी लाइन सुरू झाली. (पाप हे गावाचं नाव आहे, घाबरू नका.) त्या लाइनवर खिंडीच्या पोटातून १९ किलोमीटरचा बोगदा आहे. कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट. साहेबांना सांगा, घड्याळ लावून बसा आणि आत किती वेळ लागला ते मला कळवा. तिकिटं त्यांनाच काढू द्या, जागा त्यांनाच निवडू द्या. बोगद्यातून बाहेर पडलात की खोरं सुरू होतं. ऑक्टोबरात कापसाची वेचणी चालू असेल. कापसाला तिकडं 'पाख्ता' म्हणतात, आणि देशभर चहाच्या निळ्या-पांढऱ्या किटल्यांवर बोंडाचीच नक्षी असते.

बेत असा ठेवा, की बुधवारी मार्गिलानला पोचाल. कारण गुरुवारी आणि रविवारी गावाबाहेर कुमतेपाचा बाजार भरतो. आपल्या आठवडी बाजाराचा थोरला भाऊ. कापड, पाळणे, कुलपं, जुनी हत्यारं, चाकू, सुकामेवा. तिथं दोघांनी बरोबर फिरू नका. मी हे गमतीनं म्हणत नाही. दोन तासांनी अमुक टपरीवर भेटू असं ठरवून वेगळे व्हा. तुम्ही ठाणं उलगडत बसाल आणि ते मागे उभे राहून पायाचा भार बदलत राहतील, राजस्थानात नेमकं हेच झालं असणार. वेगळे फिरलात की भेटल्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. आमचे हे दोन तासांनी एक गंजका रंधा घेऊन आले. तो अजून गॅलरीत पडलाय. पण त्या संध्याकाळी ते अर्धा तास एका सुताराबद्दल बोलत होते, ज्याची भाषा ह्यांना येत नव्हती आणि ह्यांची त्याला.

शुक्रवारी अर्धा दिवस रिश्तानला जा. मोटारीनं तासाभराचं अंतर, कुंभारांचं गाव. तिथल्या निळ्या-हिरव्या भांड्यांची झिलई 'इश्कॉर'ची, म्हणजे रानातल्या झुडपांच्या राखेपासून केलेली. चाकावर हात घालू देतात, साहेबांना घालू द्या. पुढं कोकंदला खुदायार खानाचा महाल आहे. १८७०च्या दशकात बांधून झाला आणि १८७६ साली रशियनांनी खानशाहीच खालसा केली. बघितला तर बघितला. मी तरी त्या दुपारी पुन्हा मार्गिलानला येऊन झोपले असते.

आता जेवण, कारण तुमची खरी परीक्षा इथं आहे. हा मांसाहाऱ्यांचा देश आहे आणि फरगाना खोरं तर पुलावाचं माहेर. गावाच्या नावाचीच एक लोककथा आहे, की सिकंदर इथं आला तेव्हा त्याला कोंबडी आणि भाकरी वाढली, 'मुर्ग' आणि 'नान', त्यावरून मार्गिलान. तुमच्या वाट्याला नान. पण तो असा असतो, की तक्रार करणार नाही. तंदूरचा साधा नान घ्या. 'पातिर' नावाचा पापुद्र्याचा प्रकार असतो, त्यात बऱ्याचदा चरबी घालतात. 'गोश्तसिझ' हा शब्द पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय. पण एवढ्यानं भागत नाही. मटणाचे तुकडे बाजूला काढले की पदार्थ गोश्तसिझ झाला अशी तिकडची प्रामाणिक समजूत आहे, रस्सा तोच. ऑक्टोबरात भोपळ्याचे सामोसे येतात, सुंदर लागतात, पण त्यातही दुंब्याची, म्हणजे मेंढ्याच्या शेपटीची, चरबी घालायची पद्धत आहे. म्हणून बाहेर प्रयोग न करता घरमालकिणीला सकाळीच सांगून ठेवा. 'मॉशकिचिरी' नावाचा पदार्थ त्यांच्याकडे आहे. मॉश म्हणजे मूग, किचिरी म्हणजे तुम्ही ओळखलंत तेच. एरवी त्यातही मांस असतं, तुमच्यासाठी वेगळी करायला सांगा. आणि हॉटेलात 'सब्जी' मागू नका, गाजर आणून देतील. उझबेकीत सब्झी म्हणजे गाजरच.

दूधदुभत्याची चंगळ आहे. कत्तिक म्हणजे दही, सुझ्मा म्हणजे चक्का, सकाळी नानाबरोबर 'कायमॉक', जाड साय. घरून मेतकूट आणि दाण्याची चटणी न्या. सुझ्म्यात मेतकूट कालवून गरम नानाशी खाल्लंत की नाशिक आठवणार नाही. ऑक्टोबर हा डाळिंबांचा, अक्रोडांचा, टरबुजांचा महिना. बाबर याच खोऱ्यातल्या अंदिजानचा. त्यानं आपल्या आठवणींत मार्गिलानची डाळिंबं आणि बी काढून आत बदाम भरलेले जर्दाळू मुद्दाम नोंदवून ठेवलेत. ते उपासालाही चालतील. आणि साहेबांना पुलाव मोकळेपणानं खाऊ द्या, नाक मुरडू नका. तुमचं गाव, त्यांचा पुलाव.

उरला तो रिकामा वेळ. दुपारी दोन ते पाच. तो चहाखान्यात घालवा. खोऱ्यात हिरवा चहा पितात, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. यजमान पहिल्यांदा पियालीत थोडा चहा ओतून तो परत किटलीत टाकतो, असं तीनदा, मग तुम्हाला देतो. देतो तेही अर्धीच पियाली. अपमान समजू नका. पियाली भरून दिली तर 'प्या आणि निघा', अर्धी दिली तर 'बसा, पुन्हा ओतायची संधी द्या'. नान सुरीनं कापू नका, हातानं तोडा, आणि पालथा ठेवू नका. शेजारच्या बैठकीवर म्हातारे बुद्धिबळ खेळत असतील. साहेबांना येत असेल तर त्यांची दुपार गेलीच म्हणून समजा. येत नसेल तर पहिल्या दुपारी ते चिडतील. चिडू द्या. "मग निघायचं का?" असं विचारून त्यांची सुटका करू नका. तुम्ही तुमचं भरतकाम काढा. आमच्या घरात ही चिडचिड पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं टिकली. मग ह्यांनी बूट काढले आणि गादीवर पाय पसरले. गेल्या कित्येक वर्षांत बाहेरगावी मी त्यांना बूट काढून बसलेलं बघितलं नव्हतं.

बारीकसारीक भरभर सांगते. खोरं देशातल्या इतर भागांपेक्षा सोवळं आहे. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, मशिदीत डोक्याला ओढणी. पंजाबी ड्रेस उत्तम. व्हिसा ऑनलाइन मिळतो, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, मध्यस्थ नको, आणि निघायच्या आठवड्यावर ठेवू नका. मुक्कामाची नोंदणी घरमालक करतो, त्याची चिठ्ठी मागून घ्या आणि विमानात बसेपर्यंत जपा. एका डॉलरचे बारा हजारांच्या आसपास सोम येतात, तेव्हा पहिलं जेवण लाखांत झालं तर दचकू नका. परतीच्या वाटेवर ताश्कंदला मोकळा वेळ ठेवा. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, शास्त्रीजींचं तिथं निधन झालं. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. आमचे हे तिथं बराच वेळ उभे होते.

आणि "लोक हसतील" याचं काय? सोसायटीत कुणीतरी विचारणारच, समरकंद केलं का. "पुढच्या वेळी" असं साहेबांना आताच खोटं वचन देऊ नका, ते तारीख मागतील. त्यांना एवढंच विचारा, समरकंदला नेमकं काय बघायचं होतं? उत्तर जर "मुलांना दाखवायला फोटो" असेल तर विषय संपला. पण उत्तर खरंच उलुग बेगची वेधशाळा किंवा तैमूरची कबर असेल, मनापासून असेल, तर मात्र माझा सल्ला बदलतो: मुलीला सांगून परतीचं तिकीट दोन दिवस पुढं न्या आणि ते दोन दिवस पूर्ण त्यांचे. त्या दोन दिवसांत दमल्याचा एक शब्द काढायचा नाही.

रिश्तानला जाल तेव्हा माझ्यासाठी एक पियाली आणा, निळी, बिनकानाची. माझी मागच्या महिन्यात फुटली. पैसे देईन.

— तुमची ताई